हिराबाईचे टक्के

"मावशी, हात न लावता देता येईल का?" असं ती बाई म्हणाली तेव्हा हिराबाईच्या डाव्या हातात पापलेट होतं आणि उजव्या हातात कोयता. आधी तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. बर्फवाला ओरडत होता. शेजारच्या ओट्यावर पुष्पा कोलंबीच्या भावावरून एका माणसाच्या बापजाद्यांपर्यंत पोचली होती. अशा गलक्यात माणूस काहीही ऐकतो. पण बाई जुनी होती, स्टेशनजवळच्या सोसायटीतली, आठवड्यातून दोनदा न चुकता येणारी, आणि ती हिराबाईच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होती. "म्हंजे कसं?" हिराबाईने विचारलं. "वाईट वाटून घेऊ नका हं," बाई म्हणाली, "घरी सून बाळंत झालीय ना, म्हणून." हिराबाईने पापलेटाकडे बघितलं, पापलेटानेही तिच्याकडे बघितलं. हात न लावता मासा कसा कापायचा, हा प्रश्न तिने क्षणभर खरोखर मनावर घेतला. पायाने धरून? दातांनी? मग ती म्हणाली, "थांबा बाय, त्यालाच सांगून बघते, स्वतःहून पिशवीत उडी मारतो काय." पुष्पा खो खो हसली, बर्फवाला हसला, ती बाईसुद्धा हसली, आणि हसता हसता पुष्पाच्या ओट्यावर जाऊन तिने तिथलं पापलेट घेतलं.

एवढंच झालं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. पण धाकटी डहाणूला परतताना, रिक्षात रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या हिराबाईच्या घशात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. काटा रुतला की भाताचा गोळा गिळायचा, हे ती लहानपणापासून शिकलेली. घरी जाऊन तिने खरोखर भाताचे दोन मोठे गोळे गिळले. काटा गेला नाही. तिने दिव्याखाली हात धरून बघितले. तळहातावर रुप्याच्या वर्खासारखे पांढरट पापुद्रे, मध्ये लाल भेगा, कोपरांवर जाड चकत्या, टाचा तर ओहोटीनंतर सुकलेल्या खाजणाच्या चिखलासारख्या फाटलेल्या. माशाचे खवले काढणारीलाच खवले आले, हा विनोद तिने किती वेळा ऐकला असेल. जो कोणी करी त्याला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ती प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसे. वीस वर्षं हसली. पहिली चकती कोपरावर उठली तेव्हा तिचा मुलगा सुनिल शाळेत जायला लागला होता. तिने ती नवऱ्यापासून आठवडाभर पदराखाली लपवली. भिका तेव्हा बोटीवर खलाशी होता, समुद्रावरून चार-चार दिवसांनी यायचा आणि आला की जेवून झोपायचा, त्यामुळे लपवणं सोपं होतं. शेवटी त्याला दिसलीच. त्याने चकतीवरून बोट फिरवलं, वास घेतला, आणि म्हणाला, "खवले आले तर आले. आपण काय मासे टाकून देतो काय?" आणि घोरायला लागला. आयुष्यात कोणी तिला यापेक्षा गोड काही बोललं असेल तर ते तिला आठवत नव्हतं.

मग औषधं झाली. कडुनिंब झाला, गोमूत्र झालं, मोहाचं तेल झालं, डहाणू रोडच्या डॉक्टरची मलमं झाली. त्यानेच तिला नाव सांगितलं, सोरायसिस. लागत नाही, मरत नाही, जात नाही, असं तो म्हणाला, आणि हिराबाईला वाटलं, हे तर सासूचं वर्णन झालं. पण लागत नाही हे जगाला कोण सांगणार? ती सांगे. दर गिऱ्हाइकाला मासा तोलता तोलता सांगे, "लागत नाय हां बाय, डागतरला विचारा." एकदा कासाच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसली असताना एका माणसाने लांबूनच बायकोला सांगितलं, तिच्याकडचं घेऊ नको, महारोग आहे. हिराबाई उठली आणि तिने हातातल्या पट्ट्यासारख्या लांब सुक्या वाकटीने त्याच्या गालावर असा फटका हाणला की वाकटीचे दोन तुकडे झाले. त्या दोन्ही तुकड्यांचे पैसे तिने त्याच्याकडूनच वसूल केले. ही गोष्ट पुष्पा अजून नव्या बायकांना सांगायची. तेव्हा हिराबाईला वाटायचं, आपण जिंकलो. पण त्या बाळंतिणीच्या सासूला काय मारणार? ती तर हसत होती, माफी मागत होती. माफी मागणाऱ्या माणसाला वाकटीने मारता येत नाही, हीच तर पंचाईत.

त्यानंतर गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही, भरतीचं पाणी उतरतं तसं सावकाश उतरलं. कोणी म्हणे आज उपास, कोणी म्हणे आज पापलेट बारीक, आणि तीच माणसं दोन ओटे पुढे जाऊन तेवढंच बारीक पापलेट घेत. पुष्पा वाईट नव्हती. स्वतःचं गिऱ्हाईक वाढलं की ती हिराबाईला जास्त जोरात चहा पाजायची. त्या चहानेच हिराबाई हरली. एका सकाळी चारच्या अंधारात पाटी उचलायची वेळ झाली, आणि ती उठलीच नाही. "आज नाय जात," ती म्हणाली. भिका आता बोटीवर जात नसे, घरी जाळी विणायचा. त्याने फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही बरं. आठवड्याभरात तिला मिसरीसाठी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे हात पसरावा लागला. भिकाने लगेच पैसे दिले, पण ती मिसरी लावताना तिला वाटलं की दात आपले नाहीत, भाड्याचे आहेत.

अशा वेळी सून पुढे आली. योगिता तलासरीकडच्या डोंगरातली, भात-नागली करणाऱ्या घरातली. सुनिल वापीला कंपनीत लागला तिथे दोघांचं जमलं, आणि तो तिला घेऊन आला तेव्हा तिला बोंबील आणि मांदेलीतला फरक माहीत नव्हता. अजूनही कोलंबी सोलताना ती तोंड दुसरीकडे करायची. पण बारावी झालेली होती, आणि फोनमधून ती जगातलं काहीही खेचून काढायची. "आई, तुम्ही दिव्यांगमध्ये बसू शकता," ती एका दुपारी म्हणाली. हिराबाईला वाटलं ही कुठल्यातरी गाडीचं नाव घेतेय. योगिताने समजावलं. शिबिरात डॉक्टर तपासतात, टक्के देतात, चाळीसच्या वर गेलं की कार्ड मिळतं, मग महिन्याची पेन्शन, एसटीला सवलत. "म्हंजे अपंग?" हिराबाई म्हणाली. "आता तसं म्हणत नाहीत, आई. दिव्यांग म्हणतात. दिव्य अंग." हिराबाईने स्वतःच्या टाचांकडे बघितलं. या अंगाला आजवर बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. दिव्य कोणी म्हटलं नव्हतं. पण फोनमध्ये कुठले कुठले आजार बसतात ते योगिता वाचायला लागली तर कातडीचा पत्ताच नाही. अंध होतं, बहिरं होतं, ठेंगणेपणा होता, आणि कातडीच्या जवळपास जाणारं एकच होतं. "कुष्ठरोगमुक्त," योगिता हळूच म्हणाली, "तेवढंच एक जरा..." "वाकटी आण," हिराबाई म्हणाली. योगिताला वाकटीची गोष्ट पुष्पाकडून कळलेली होती, त्यामुळे तिने फोनवरचं बोट घाईने खाली सरकवलं. शेवटी हालचालीच्या अपंगत्वात अर्ज टाकायचं ठरलं. टाचा फाटून रक्त येतं, चालता येत नाही, हातात काही धरलं की भेगा उघडतात, म्हणजे हालचालीतच आलं की. थंडीतली तारीख मिळाली, कासाला. "थंडीतली चांगली," हिराबाई म्हणाली. थंडीत हा रोग हक्काने येई. दिवाळीला येणाऱ्या नणंदेसारखा, पण नणंद भाऊबीजेनंतर जायची तरी.

पण मधले महिने करायचं काय? घरी बसतात म्हणजे नेमकं काय करतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती बोंबील वाळवायला लागली. भिकाचा भाऊ बोटीचा माल आणून टाकायचा. हिराबाई गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून बोंबील धुवायची, मग बांबूच्या मांडवावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगायची. दिवसभर उन्हात. ना चारला उठणं, ना बर्फ, ना कोणाच्या डोळ्यांत बघणं. संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा आणि हजारो बोंबील एकदम हलायचे, जणू अख्खा बाजार तिला मान हलवून काहीतरी विचारतोय. आणि एका सकाळी अंघोळ करताना तिचा हात कोपरावर गेला आणि तिथे काहीच लागलं नाही. तिने दुसरं कोपर चाचपलं. गुळगुळीत. नव्या जन्मलेल्या पोराचं असावं तसं गुलाबी कातडं. हिराबाई मोरीतच बसली. वीस वर्षांत जिच्यासाठी नवस बोलले ती गोष्ट आली होती, नेमकी शिबिराला दीड महिना राहिला असताना. तिने पातळाचा पदर दोन्ही कोपरांवरून ओढून घेतला आणि ती सुनेपासून ते लपवायला लागली, एखादी नवी पोर पोटुशी असल्याचं लपवते तसं.

लपणार कुठे? आठवड्याभरात तळहातांवरचा वर्ख झडला. टाचांच्या भेगा भरत आल्या. योगिताने बघितलं आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं, आणि लगेच तिला आपलंच वाईट वाटलं. "म्हणजे बरंच झालं, आई," ती म्हणाली, "पण जरा थांबून झालं असतं तर..." भिका म्हणाला, "हात बरे झाले ना, मग जा बाजारात." सरळ माणूस, सरळ बोलला. हिराबाई म्हणाली, आता दवंडी पिटू काय, की या बायांनो, हात बघा? ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. कोयता धरायचा कंटाळा आलाय, असं ती मनात म्हणाली. तेवढ्यावर तिने तो विचार झाकून ठेवला, टोपलीखाली कोंबडी झाकतात तसा. टोपलीखाली ती हलत राहिली.

मग तिने रोगाला परत बोलवायचं ठरवलं. आधी मलम बंद केलं. मग आजवर ज्या ज्या माणसाने जे जे खाऊ नको सांगितलं होतं ते सगळं ओळीने खाल्लं. वांगं खाल्लं, करंदी खाल्ली, आंबट ताक प्यायली, अंडी खाल्ली, आणि वीस वर्षांनी वांग्यात सुकट घातलेली इतकी गोड लागली की तिचं वजन वाढलं. हात कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्यात बुचकळून ठेवले. हात आणखी स्वच्छ झाले. डॉक्टर एकदा म्हणाला होता, काळजी करू नका, काळजीने हा वाढतो. म्हणून ती रोज जेवणानंतर मांडवाखाली काळजी करायला बसू लागली. सुनिलची कंपनी बंद पडली तर? भिकाला काही झालं तर? योगिता माहेरी निघून गेली तर? मन लावून, एकेक काळजी बोंबलासारखी टांगून ती बसायची, पण खाडीवरचा वारा लागायचा, पोटात वांगं-सुकट असायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या काळजीलाच तिचा डोळा लागायचा. शेवटचा उपाय म्हणून ती पुष्पाशी भांडायला बाजारात गेली. भांडणाने तर रक्त खवळतंच. "माझं गिऱ्हाईक खाल्लंस, पुष्पे!" ती सगळ्या बाजारासमोर ओरडली. पुष्पा एवढी जुनी भांडखोर, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खाल्लं गे," ती म्हणाली, "मलाच झोप लागत नाय." आणि तिने हिराबाईच्या पिशवीत एक अख्खी सुरमई कोंबली. काय करणार? हिराबाई सुरमई घेऊन परत आली. रात्री कालवण झालं. कातडी दुसऱ्या दिवशी अधिकच तुकतुकीत दिसली.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक चमत्कारिक गोष्ट होती, ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. तिला त्या रोगाची आठवण येत होती. रात्री सवयीने कोपर खाजवायला हात जायचा आणि तिथे खाजवायला कोणी नसायचं. वीस वर्षं तिच्या प्रत्येक गोष्टीचं कारण तो होता. सुनिलच्या लग्नात ती हळद लावायला पुढे गेली नाही त्याचं कारण तो, देवळात शेवटी उभी राहायची त्याचं कारण तो, रागाचं कारण तो, मागे राहण्याचं कारण तो. आता कारण निघून गेलं होतं आणि मागे राहायची सवय तशीच होती. ती आरशासमोर उभी राहायची आणि आरशातली स्वच्छ हातांची बाई तिला अगदी अनोळखी वाटायची, शिबिराला आपल्याऐवजी पाठवता येणार नाही इतकी.

"चालण्यावर जोर देऊ," योगिता म्हणाली, "अर्ज हालचालीचाच आहे." म्हणून शिबिराच्या आदल्या दिवशी हिराबाई मांडवाखालून लंगडत चालून दाखवत होती आणि भिका जाळं विणता विणता परीक्षण करत होता. "मघाशी डावा होता," तो म्हणाला. तिने डावा केला. "आता दोन्ही लंगडताहेत. दोन्ही पाय लंगडले तर माणूस सरळ चालतो." "तुम्ही चालून दाखवा मग," ती म्हणाली. भिका खरोखर उठला आणि बोंबलांच्या दोन रांगांमधून असा सुंदर लंगडत गेला की योगिताला हसून हसून खाली बसावं लागलं. "यांनाच न्या, आई," ती म्हणाली. हिराबाईही हसली. खोटं बोलणं तिला नवं नव्हतं, परवाचा मासा तिने आजचा म्हणून विकला होता. पण मासा परवाचा आहे हे विकताना निदान तिला स्वतःला माहीत असे. उद्या आपण काय विकायला चाललोय, शिळं की ताजं, हे तिला कळत नव्हतं.

कासाला शिबिरात गर्दी होती, पण बाजारासारखी नव्हती. इथे कोणी कोणाला ढकलत नव्हतं. बाकावर तिच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, लहान्या नावाचा, डोंगराकडच्या पाड्यावरून आलेला. त्याच्या हाताची बोटं अर्धीच होती. त्याने तिच्या हातातल्या योगिताच्या फोनवर जुने फोटो बघितले, पांढऱ्या चकत्यांचे, आणि मोकळेपणाने विचारलं, "तुला पण महारोगच होता काय, बाय?" "लागत नाय हां," हिराबाईच्या तोंडून सवयीने निघालं, "तो नाय, डागतरला विचारा." बोलून झाल्यावर तिला आपले शब्द ऐकू आले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "माझा पण नाय लागत. कवाच बरा झाला. मौज बघ, होता तवर मला कोणी काय देत नव्हतं. बरा झालो तर म्हणतात, आता ये, तुला कार्ड देतो." तो हसला. त्याने अर्ध्या बोटांनी तंबाखू मळून तिच्यापुढे धरली. हिराबाईला क्षणभर त्या बोटांची किळस आली, आणि ती किळस तिने ओळखली. हीच तर ती, सोसायटीतली बाई, इथे आपल्या पोटात बसलीय. तिने चिमूट उचलली. कासाच्या बाजारात तिने ज्याला वाकटी मारली होती तो माणूस चुकला होता, पण महारोग म्हटलं एवढ्यावरून त्याला मारणंही तितकंसं बरोबर नव्हतं, असं तिला वाटून गेलं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं, आणि घाईत ती लंगडायला विसरली.

डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्याने तिचे तळहात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "त्वचा तर छान आहे, मावशी." वीस वर्षांत कोणी तिच्या कातडीला छान म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते इथे. योगिताने घाईने फोटो दाखवले. डॉक्टरने ते नीट बघितले. "हो, सोरायसिसच. पण कातडीला टक्के नसतात. ती येते-जाते. मी काय लिहू?" "टाचा फाटतात, चालता येत नाही," योगिता म्हणाली. डॉक्टरने टाचा बघितल्या. टाचाही छान होत्या. हिराबाईला अचानक मोकळं वाटलं. संपलं, जाऊ या. तिने तपासल्याची सही करायला पेन घेतलं, अंगठा आणि तळहात यांच्यामध्ये दाबून, जसं ती हल्ली सगळंच धरायची, आणि डॉक्टर एकदम पुढे वाकला. "पेन असं का धरलं?" "कसं?" "मूठ मिटा बघू." तिने मिटली. "पूर्ण." "झाली की पूर्ण." डॉक्टरने तिची बोटं धरून हळूच आत वळवली आणि हिराबाईच्या डोळ्यांसमोर लख्ख पांढरं झालं. "हे कधीपासून आहे?" "कधीपासून म्हंजे? बर्फात हात घालून घालून सगळ्यांचंच होतं." "सकाळी हात उघडायला वेळ लागतो?" "गरम पाण्यात धरले की उघडतात. सगळ्यांचेच तसं." "नाही, मावशी," डॉक्टर म्हणाला, "सगळ्यांचं होत नाही."

एक्सरेच्या खोलीबाहेर बसून ती पुष्पाचा विचार करत राहिली. पुष्पा शिवी देताना ओट्यावर मूठ आपटते. घट्ट, नारळासारखी मूठ. पुष्पा तिच्याहून मोठी. तेवढीच वर्षं बर्फात. ती मूठ हिराबाईने रोज बघितली होती, आणि तिला कधी प्रश्न पडला नव्हता की आपल्याला अशी मूठ शेवटची कधी वळता आली. गिऱ्हाईक कातडी बघायचं, म्हणून तीही कातडीच बघत राहिली. दारात आरडाओरड करणाऱ्याकडे सगळं घर बघत राहावं आणि मागच्या खिडकीतून कोणी शांतपणे सामान नेत राहावं, तसं. डॉक्टरने हातापायांचे एक्सरे उजेडात धरले. रोग तोच, तो म्हणाला, सोरायसिसच, पण सांध्यांत उतरलेला. कातडी बरी झाली तरी हा आतून चालू राहतो. गोळ्या सुरू केल्या तर पुढे बिघडणार नाही, पण झालं ते परत येणार नाही. त्याने शेजारच्या डॉक्टरशी काहीतरी बोलून हिशेब केला. "दोन्ही हात आणि पायाची बोटं मिळून पंचेचाळीस टक्के. कायमस्वरूपी." योगिताने आनंदाने तिचा दंड दाबला.

"जास्त होतात," हिराबाई म्हणाली.

"काय?"

"पंचेचाळीस जास्त होतात, डागतर. बघा ना जरा. तिसाला करा."

डॉक्टर हसायला लागला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "मावशी, तिसाला काहीच मिळणार नाही. चाळीसच्या वर पाहिजे."

"नाय मिळालं तर नाय मिळालं. पण पंचेचाळीस नाय हो. मी काय एवढी... काल तर मी दोन टोपल्या बोंबील टांगले."

"आई," योगिता कुजबुजली, "काय करताय?"

काय करत होती ते तिला पुरतं ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्या बाजूने ऐकलेलं ती आता या बाजूने बोलत होती. आणि घासाघीस करणारं गिऱ्हाईक शेवटी काय करतं तेही तिला ठाऊक होतं. ते वळतं आणि चालायला लागतं, आणि चार पावलांवर मागून हाक येते, ए बाय, ये, घे तुझ्या भावाने. हिराबाई वळली. सावकाश, कान मागे ठेवून, ती दारापर्यंत गेली. मागून हाक आली. ती लहान्याच्या नावाची होती.

परतीच्या एसटीत योगिता सगळ्यांना फोन करत होती, सुनिलला, माहेरी, सासऱ्यांना. हिराबाई खिडकीला डोकं टेकून मांडीवरच्या हातांकडे बघत होती. सुंदर हात होते. कोणीही या हातांतून पापलेट घेतलं असतं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं आणि भिका मांडवावरून सुके बोंबील काढत होता. तीही सवयीने काढायला गेली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांतून सुटेनात तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि वाळूत बसली. भिका तिच्या शेजारी येऊन बसला. "मिळालं म्हणे," तो म्हणाला. तिने पदर डोळ्यांना लावला. "मग रडतेस कशाला?"

"रडत नाय. एक टक्का कमी केला नाय मेल्याने. वळून दारापर्यंत गेले, तरी हाक मारली नाय."

"तू किती मागितलंस?"

"तीस."

भिकाने तिचा हात मांडीवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखं त्याने तिचं एकेक बोट हळूहळू मिटायला घेतलं, आणि जिथे ते थांबलं तिथे तोही थांबला. ती अर्धी मूठ त्याने आपल्या मुठीत धरली. "फार खाली मागितलंस," मग तो म्हणाला. "पंचेचाळीसवाला तिसाला कुठे तुटतो? अडतीस म्हणायचं. छत्तीस-अडतीसला तुटला असता."

हिराबाईला हसू फुटलं, आणि ते थांबेना.

"उद्या मी जाऊन बोलू काय त्याच्याशी?" भिका म्हणाला. तो हसत नव्हता.

"काय बोलाल?"

"बोलेन, जुनं माणूस आहे आमचं. जरा बघून लाव."

तिने आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला नाही.